न जुळलेली सही

पंचावन्न टक्के लागतात.
निम्म्याहून एक मत जास्त, एवढ्यावर भागत नाही;
कॉलेजसाठी कर्ज काढायचं म्हटलं
की आमच्याकडचा कायदा सावध होतो.
आठवडा झाला, आम्ही चोपन्न पॉइंट नऊवर अडकलोय.

मोजायची राहिलीत ती बाजूला काढलेली पाकिटं,
ज्यांच्यावरची सही दफ्तरातल्या सहीशी जुळत नाही.
माझ्या यादीत अशी अकरा नावं.
रात्रपाळी संपवून, गोदामाचं पिवळं जाकीट अंगात तसंच ठेवून
मी दारं वाजवत फिरते.
धुकं असं, की बदामाची बाग कुठे संपते, रस्ता कुठे लागतो
ते फक्त चाकांना ठाऊक.

मत काय दिलंत, हे विचारायचं नाही.
इडालीना बाईंनी बजावलंय : सही मागायची. बास.

बाई आम्हाला वेल्डिंग शिकवतात
अडुसष्ट सालच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
पाऊस आला की सहा नंबरच्या बूथमध्ये बादली,
बादली भरली की वर्ग सुटतो.
वीज आणि पाणी एका खोलीत नांदत नाहीत.
बूथ चौदा. नावं नोंदवलेले साठ.
मी तीन सत्रं थांबले,
एक्केचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या पोरांमागे.
या पैशातून बाईंचा पगार वाढणार नाही, तसं छापलंच आहे कागदावर :
फक्त छप्पर, भिंती, यंत्रं.
बाई म्हणतात, छप्पर द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ.

सातवं नाव लॉयल टिबेट्स. वय ब्याऐंशी.
अंगणात पाटी, वाऱ्याने आडवी झालेली :
मेझर क्यूला नाही म्हणा.
घराच्या किमतीच्या दर लाखामागे एकोणीस डॉलर, दर वर्षी, तीस वर्षं.

गाडी चालूच होती.
मागे फिरले असते तर कुणाला कळलं असतं?
घरी नव्हते, असं लिहिता आलं असतं,
लिहिलंही होतं, पेन्सिलने.
मग खोडलं. यादीत नावं होती, मतं नव्हती.

दार उघडलं. आधी हात दिसला,
कडीवर थरथरणारा.
"आता ही कसली भानगड?"
मी सांगितलं. तो हसला नाही.
"अठ्ठेचाळीस वर्षं डेअरीच्या टाक्या जोडल्या.
थेंब गळला नाही एकीतून.
आता कॉफी पितो तर निम्मी बशीत.
आणि तो कारकून म्हणतो, मी मी नाही."

टेबलावर फॉर्म ठेवला.
नावाचं पहिलं अक्षर जमलं,
पुढची उतारावरून घसरत गेली.
"हीसुद्धा जुळायची नाही."
"जुळायला नको. तुमची आहे, एवढं सांगितलंत की झालं."
"एकोणीस डॉलर," तो म्हणाला, फॉर्मकडे बघत,
"माझ्या औषधाच्या एका बाटलीचे."
मी गप्प.
काय बोलणार? खोटं नव्हतं ते.

कागद उडू नयेत म्हणून मी एक पट्टी बाळगते,
मंगळवारी वर्गात जोडलेली, सराव म्हणून.
त्याने ती उचलली. दिव्याखाली धरली.
अंगठ्याचं नख जोडावरून फिरवत गेला,
हात हलतच होता,
नख मात्र एका जागी थांबलं.
"इथे घाई केलीस."
पट्टी परत दिली, दार लावून घेतलं.

पाचला कचेरी बंद होते, आणि अजून चार घरं.
गाडीत बसून मी पट्टी काचेसमोर धरली.
त्याने दाखवलं तिथे, अगदी तिथेच,
टाचणीच्या टोकाएवढं भोक.
बाईंच्या नजरेतून सुटलेलं.
पलीकडचं धुकं त्यातून दिसत होतं.